लाकडी जमिनीवर बसून

चपला दाराशी काढून आत या. मोजे घातले असतील तर तेही काढा. खोलीत गालिचा अंथरलेला असेल तर त्याच्या बाहेर, उघड्या लाकडावर मांडी घाला. पाठ अवघडत असेल तर भिंतीला टेकून बसा. पुढचा अर्धा-पाऊण तास काही पुसायचं नाही, काही विकत घ्यायचं नाही, कुणाला फोन करायचा नाही. ज्या लाकडावरून आपण दिवसभर ये-जा करतो त्याच्याकडे सावकाश बघायचं आहे, एवढंच.

एक घर मनात आणू या. अमेरिकेच्या ईशान्येला, न्यू जर्सीत किंवा मॅसॅच्युसेट्समध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे बांधलेलं दुमजली घर. आपली कितीतरी मराठी कुटुंबं आज अशा घरांत नांदतात, किंवा असं घर घ्यावं की नको या विचारात असतात. दिवाणखान्यात रेड ओकची जमीन आहे. फळी सव्वादोन इंच रुंद, पाऊण इंच जाड. त्या काळी तिकडे हेच माप सर्रास वापरायचे. पुढे कुणीतरी त्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा ठोकला, त्याच्यानंतरच्या कुणीतरी तो उपटून काढला, आणि ओक पुन्हा उजेडात आला. महिना फेब्रुवारीचा. बाहेर बर्फ आहे, आत हीटिंग चालू आहे.

तुमचं घर वेगळं असेल, पुण्यातला फ्लॅट असेल. तूर्त या ओकवर बसा. आपल्या घराकडे मधूनमधून वळूच.

उजवा तळहात जमिनीवर पालथा ठेवा. दाबू नका. क्षणभर गार लागेल आणि मग तो गारवा ओसरेल. स्वयंपाकघरातल्या टाइलवर हात ठेवला असता तर तो इतक्यात ओसरला नसता. दोन्हींचं तापमान सारखंच आहे. पण टाइल हाताची ऊब भराभर ओढून घेते, लाकूड अगदी हळू घेतं. लाकूड म्हणजे बारीक पोकळ नळ्यांची जुडी. झाड उभं होतं तेव्हा या नळ्यांतून पाणी वर चढायचं. आता त्यांत हवा आहे. पाणी गेलं, नळ्या राहिल्या. हे लक्षात असू द्या, कारण पुढचं बहुतेक सगळं यातूनच निघतं.

आता बोटाचं टोक फळ्यांवरून आडवं फिरवत न्या. एक फळी संपते तिथे बोट किंचित अडखळतं. तिथे फट आहे, नख सहज जाईल एवढी. फेब्रुवारीत ही फट दिसली की नव्या घरमालकाच्या पोटात गोळा येतो. जमीन उकलायला लागली, आपण फसलो, असं वाटतं. ती धास्ती आली तर येऊ द्या. नख तिथेच ठेवा आणि फट कशी पडली ते बघू या.

बाहेरच्या गोठलेल्या हवेत पाण्याची वाफ मुळातच थोडी असते. ती हवा घरात येऊन 20-22 अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता 20-25 टक्क्यांवर उतरते. आपले ओठ फुटतात, टाचा भेगाळतात. लाकूडही स्वतःतली ओल हवेला देऊन टाकतं, आणि त्यात वजनाच्या पाचेक टक्केच पाणी उरतं. जुलैच्या उकाड्यात घरातली आर्द्रता 55-60 टक्क्यांवर गेली की तेच लाकूड दहा टक्क्यांच्या पुढेमागे येतं. लांबीत फळी बदलत नाही म्हटलं तरी चालेल; बदलते ती रुंदीत. सव्वादोन इंच म्हणजे 57 मिलिमीटर. एवढी रुंद रेड ओकची फळी हिवाळा ते उन्हाळा या फेऱ्यात साधारण एक मिलिमीटर कमी-जास्त होते. तुमच्या नखाखाली आहे तो हाच मिलिमीटर. जुलैत इथेच येऊन बसा, फट मिटलेली असेल.

झाड तोडून, फळ्या पाडून, भट्टीत वाळवून, रंधा मारून, वर पॉलिश चढवून, खिळ्यांनी जखडून पाऊणशेच्या आसपास किंवा त्याहून अधिक वर्षं झाली, तरी हे लाकूड हवेतल्या ओलीला अजून उत्तर देतं आहे. घरात उकळणारी आमटी, खोलीत वाळत घातलेले कपडे, तुमचा आत्ताचा श्वास, सगळ्याची थोडीथोडी दखल या फळ्या घेतात. एक श्वास सावकाश सोडा. हात तिथेच राहू द्या.

मला वाटतं, लाकडी जमीन निवडताना पहिला प्रश्न रंगाचा नसतो, किमतीचाही नसतो. या हालचालीशी आपलं पटणार आहे का, हे आधी ठरवावं. बाराही महिने एकसारखी, फट म्हणून न दाखवणारी जमीन हवी असेल त्यांनी खुशाल टाइल लावावी. त्यात कमीपणा काही नाही. ज्यांचं पटणार आहे त्यांना मग पुढच्या निवडी सोप्या जातात.

फळीची रुंदीच घ्या. सध्या दुकानांतून सात-आठ इंची फळ्यांची चलती आहे. दिसायला त्या खरंच देखण्या असतात, खोली मोठी वाटते. पण मघाचाच हिशेब आठ इंचांना लावा. एक मिलिमीटरची फट जवळजवळ चार मिलिमीटरची होते. अरुंद फळ्या तीच हालचाल पुष्कळ फटींत वाटून घेतात, म्हणून ती डोळ्यांवर येत नाही. जुन्या सुतारांनी सव्वादोन इंच धरले त्यात हे शहाणपणही होतं. रुंद फळीच हवी असेल तर एंजिनिअर्ड फळी घ्यावी: वर खऱ्या ओकचा थर, खाली प्लायवूडसारखे आडवे-उभे चिकटवलेले थर, एकमेकांना फारसं हलू न देणारे. काहींना हे अस्सल वाटत नाही. मला ते अस्सल वाटतं, वरचा थर पुरेसा जाड असेल तर. तो किती जाड असावा, हे शेवटाकडे पाहू.

हात उचला. आता डोळ्यांचं काम.

जवळची एक फळी निवडा आणि तिच्यावरच नजर ठेवा. एकावर एक चढत गेलेल्या कमानींची नक्षी दिसते का? अशी फळी ओंडक्याला सरळ उभे काप देत काढलेली असते. बहुतेक जमिनींत अशाच फळ्या जास्त, कारण त्यात लाकूड कमी वाया जातं. आता नजर हळूहळू पुढे न्या आणि एखादी अशी फळी शोधा जिच्यावर रेषा सरळ, समांतर धावतात. तिच्यावर आडवे, चकचकीत पट्टे दिसतील. डोकं हलवलं की ते उजळतात आणि विझतात. झाडाच्या गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या ओळी असतात, त्या अशा कापात उघड्या पडतात. ओंडक्याचे आधी चार उभे भाग करून मग त्यातून फळ्या पाडल्या की हा काप मिळतो. तो महाग पडतो, पण हलतो निम्म्याहून कमी. ओलं लाकूड पार सुकेपर्यंत रेड ओक वर्षवलयांच्या दिशेने 8.6 टक्के आकसतो आणि गाभा-साल या दिशेने 4 टक्के. एकाच झाडाच्या दोन फळ्या, आणि स्वभाव असे वेगळे. तुमच्या जमिनीत दोन्ही शेजारीशेजारी बसल्या आहेत. हिवाळ्यात कुणाच्या कडेची फट मोठी होते, ते एकदा ताडून बघा.

आणखी जवळ या. अगदी वाकून बघा, चष्मा लागत असेल तर लावा. सरळ रेषांच्या फळीवर गडद, खरबरीत पट्टा आणि फिकट, गुळगुळीत पट्टा आलटून पालटून येतात. खरबरीत पट्ट्यात सुईने टोचल्यासारखी लांबट भोकं आहेत. ती वसंतातली वाढ, पानं फुटताना झाडाला भसाभस पाणी लागायचं तेव्हाची. गुळगुळीत पट्टा उन्हाळ्यातला. एक जोडी म्हणजे एक वर्ष. करंगळी फळीवर आडवी ठेवा आणि तिच्या लांबीत किती वर्षं मावतात ते मोजा. घाई करू नका. पट्टे कुठे दाट झाले असतील, कुठे विरळ. दाट झाले ती वर्षं त्या झाडाला हात आखडून काढावी लागली.

रेड ओकची ही भोकं आरपार उघडी असतात. त्याच्या छोट्या तुकड्याच्या एका टोकाला पाणी लावून दुसऱ्या टोकाने फुंकलं तर बुडबुडे निघतात. व्हाइट ओकची भोकं मात्र झाडाने स्वतःच आतून बुजवलेली असतात, म्हणून वाइन आणि व्हिस्कीची पिंपं व्हाइट ओकची करतात. स्वयंपाकघरालगत किंवा बर्फाचे बूट येतात त्या दाराशी नवी जमीन करायची असेल, तर मी डोळे मिटून व्हाइट ओक सुचवीन.

अंगठ्याचं नख फळीत रुतवून बघा. रुतणार नाही. दुकानात गेलं की विक्रेता याच गोष्टीचा आकडा सांगतो. गॅब्रिएल यांका या ऑस्ट्रियात जन्मलेल्या लाकूडतज्ज्ञाने 1906 मध्ये ही चाचणी बसवली. 11.28 मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतवायला किती जोर लागतो, ते मोजायचं. रेड ओकला 1290 पौंड लागतात, व्हाइट ओकला 1360, मेपलला 1450, हिकरीला 1820, अमेरिकन काळ्या अक्रोडाला 1010. आकडा मोठा म्हणजे जमीन चांगली, असं आपण नकळत धरून चालतो. जरा थांबा. मेपल ओकपेक्षा कठीण आहे, बास्केटबॉलची मैदानं त्याचीच करतात. पण त्याचं अंग नितळ असल्याने घरात प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. ओकची खरबरीत नक्षी तेच ओरखडे पोटात घेते. शिवाय रोजच्या वापरात आधी झिजतं ते वरचं पॉलिश, आणि त्याला खालचं लाकूड किती कठीण आहे याच्याशी फारसं देणंघेणं नसतं.

आपला सागच बघा. त्याचा आकडा हजाराच्या थोडा पुढे, म्हणजे रेड ओकच्या खाली. तरी आपल्या हवेत सागाला तोड नाही. आकसण्यात ओकचे 8.6 आणि 4 टक्के, तर सागाचे 5.8 आणि 2.5. अंगात नैसर्गिक तेल, त्यामुळे गाभ्याच्या लाकडाला वाळवी सहसा तोंड लावत नाही. मात्र सालीलगतच्या पांढरट लाकडाला ती खुशाल लागते, म्हणून सागाच्या फळ्या घेताना तो पांढरा पट्टा किती आहे ते आधी बघावं. गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या जंगलात सागाचे सरळसोट बुंधे ज्यांनी पाहिले असतील त्यांना वाड्यांचे कडीपाट कशातून उभे राहिले असतील याची कल्पना येईल. वाड्यांत कडीपाटाच्या फळ्यांवर माती घालून वर सारवण असे. म्हणजे आपलं लाकूड पायाखाली असूनही पायाला लागत नसे. ते खालच्या मजल्यावरून वर मान करून बघायचं.

पुण्याकडे ऋतूंचा क्रम वेगळा लागतो, तेवढं ध्यानात ठेवावं. तिथे फळी फुगते पावसाळ्यात आणि आकसते उन्हाळ्यात. कोरड्या एप्रिलमध्ये फळ्या घट्ट ठोकून बसवल्या आणि भिंतीलगत जागा सोडली नाही, तर जुलैत त्या एकमेकींना रेटून मधोमध उचलल्या जातात. भिंतीपाशी बारा ते वीस मिलिमीटर मोकळे ठेवून वर स्कर्टिंग लावायचं ते याचसाठी. खालचा सिमेंटचा कोबा नवा असेल तर तो सुकायला महिने लागतात. प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने त्यावर बंद करून दिवसभर ठेवावा. आतून दव धरलं तर लाकडाचा विचार पुढे ढकलावा. आणि आपल्याकडे ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणून जे विकतात ते बऱ्याचदा लॅमिनेट असतं: दाबलेल्या भुशाच्या पाटीवर लाकडाच्या फोटोचा कागद आणि वर पारदर्शक कवच. स्वस्त आहे, टिकाऊही आहे, ज्याला हवं त्याने लावावं. फक्त फोटो घासून नवा करता येत नाही, हे माहीत असून लावावं.

ओककडे परत या. मान खाली करून, गाल जवळजवळ जमिनीला लावून, खिडकीच्या दिशेने बघा. उजेड तिरपा आला की वरचं पॉलिश वेगळं दिसायला लागतं. कुठे आरसा आहे, कुठे धुरकट पट्टा. सोफ्याकडून स्वयंपाकघराकडे एक वाट पडलेली दिसेल. घरातली माणसं कशी चालतात, कुठे वळतात, कुठे रेंगाळतात, सगळं तिथे उमटलेलं आहे. त्या वाटेवर जरा वेळ नजर ठेवा. कुणाकुणाच्या पायांची ती आहे?

हे कवच बहुधा पॉलियुरेथिनचं असेल. घर जुनं असेल तर एखाद्या कपाटात अजून लाखेचं पॉलिशही सापडतं. ही लाख आपल्याकडचीच, पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यांची. कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब टाकला आणि जागा चिकट झाली तर लाख समजावी. लाखेवर पाणी सांडलं की पांढरे डाग पडतात, पण दुरुस्तीला ती फार गुणी. नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो.

तिसरा मार्ग तेलाचा. पॉलियुरेथिन लाकडावर बसतं, तेल आत मुरतं. मल्लखांबाला आपण एरंडेल लावतो, आणि ते कितीही दिवस गेले तरी वाळत नाही. तिथे तेच हवं असतं. जमिनीला वाळणारं तेल लागतं, जवसाचं किंवा टुंगचं. हवेतला प्राणवायू घेऊन ते आतल्या आत घट्ट होत जातं. तेलाची जमीन मऊ, मंद दिसते आणि ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी हात फिरवून सुधारता येते. पण वरचेवर तेल द्यावं लागतं, आणि एक धोका असतो जो प्रत्येकाला माहीत हवा. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून टाकली तर वाळताना ती आतून तापत जाते आणि आपोआप पेट घेऊ शकते. काम झालं की चिंध्या बाहेर एकेक पसरून पूर्ण वाळवाव्यात, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात. यात हयगय नको.

पाण्याचा एक थेंब बोटाने त्या झिजलेल्या वाटेवर सोडा. आणि नुसतं बघा. थेंब गोल, टपोरा उभा राहिला तर कवच शाबूत आहे. पसरून पाच-दहा मिनिटांत लाकूड तिथे काळपट झालं तर पाणी आत उतरतं आहे. पुसून टाका. जमिनीला पुन्हा पॉलिश हवं की नको, हे ठरवायला एवढी परीक्षा पुष्कळ होते.

जमीन जपायची ती मुख्यतः दोन गोष्टींपासून, आणि त्यातली पहिली वाळू. बुटाच्या तळाला लागून आलेला रेतीचा कण पॉलिशपेक्षा कठीण असतो. पावलाखाली तो फिरतो आणि कवच खरवडतो. दाराशी पायपुसणं, आतल्या बाजूला आणखी एक, खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या चकत्या, आणि रोज कोरडा मऊ झाडू. चपला दाराबाहेर काढायची आपली रीत या जमिनीला फार मानवते. एका बाबतीत मात्र आपणच जपायला हवं. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. ती थेट ओकवर काढली आणि वरून चार माणसं गेली की झालं. पाटावर किंवा मोठ्या ताटात काढावी. समईखाली ताम्हण ठेवतोच, ते थोडं मोठं ठेवावं. हळद सांडली तर घाबरू नये. पुसूनही पिवळेपणा राहिलाच तर उन्हाने तो फिका होतो.

दुसरी गोष्ट पाणी. लादी पुसायची आपली सवय अशी की बादलीत फडका बुडवायचा, अर्धवट पिळायचा आणि ओला हात फिरवत मागे यायचं. लाकडाला हे चालत नाही. फडका इतका पिळा की जमिनीवरची ओल मिनिटाभरात उडून जावी. वाफेचा पोछा तर नकोच. तो वाफ थेट सांध्यांत ढकलतो. व्हिनेगरही नको, रोजच्या वापराने कवच निस्तेज होतं. जपानमध्ये तांदळाचा कोंडा फडक्यात बांधून त्याने लाकडी जमिनी घासायची जुनी रीत आहे. कोंड्यातल्या तेलाने लाकडाला झळाळी येते. ती उघड्या लाकडासाठी. पॉलियुरेथिनवर कसलंही तेल किंवा मेण लावू नये, नाहीतर पुढच्या वेळी नवं पॉलिश धरत नाही.

कुंडीखाली पडलेलं काळं वर्तुळ तुमच्याही जमिनीवर असेल. ते शोधा. ओकच्या अंगात टॅनिन असतं, आणि ओलीबरोबर लोखंडाचा अंश मिळाला की त्याचा काळा रंग होतो. हिरड्यात लोखंड घालून काळी शाई करायचे ती याच गुणावर. म्हणजे कुंडीच्या लोखंडी तिवईने तुमच्या जमिनीवर शाई सांडली आहे. घासून ती जाणार नाही, कारण ती खोलवर गेलेली असते. वरचं पॉलिश काढून ऑक्झॅलिक आम्लाचं पाणी लावलं तर बराच डाग निघतो. हातमोजे घालून, लहान मुलांना दूर ठेवून, आणि नंतर ती जागा नीट पुसून. आणि ओकवर काम करताना लोखंडी तारेचा काथ्या वापरू नका. त्याचे कण भोकांत अडकतात आणि पहिल्या ओलीला जमिनीवर काळे ठिपके उठतात.

आता एक अवघड प्रसंग मनात आणा. डिशवॉशरची नळी सुटली आहे. तुम्ही गावाला गेला होता, परत आलात तेव्हा पाणी वाळलेलं आहे. पण फळ्यांच्या कडा वर आल्या आहेत आणि मध्य खोल गेला आहे. जमीन पन्हळी पत्र्यासारखी झाली आहे. तळव्याला ती लाट स्पष्ट लागते. बघा मनात काय उठतं. राग येतो, खर्चाचा आकडा डोळ्यांपुढे येतो, आणि लगेच कुणाला तरी बोलावून ते सपाट करून घ्यावंसं वाटतं.

त्या ऊर्मीपाशी थोडं थांबा. फळीच्या पोटात काय चाललं आहे ते बघा. पाणी सांध्यांतून खाली उतरलं, खालच्या फळकुटांत साठलं. फळीची खालची बाजू भिजून रुंद झाली, वरची तेवढी झाली नाही. म्हणून कडा वर उचलल्या गेल्या. ओल जशी ओसरेल तशी खालची बाजू आकसेल आणि कडा पुन्हा खाली यायला लागतील. याला आठवडे लागतात, कधी महिने. या काळात कुणी यंत्र फिरवून उचललेल्या कडा घासून सपाट केल्या, तर जमीन त्या दिवशी छान दिसेल. मग लाकूड सुकेल, कडा आपल्या जागी बसतील, पण तिथलं लाकूड घासून गेलेलं असेल. आता मध्य वर राहील आणि कडा खोल. आधीची लाट आपोआप जाणार होती, ही कायमची.

म्हणून आधी गळती बंद करावी, पंखा आणि ओल ओढणारं यंत्र लावावं, आणि ओलीचा मीटर घेऊन आठवड्यातून एकदा ठरलेल्या जागी मोजून तारखेसह लिहून ठेवावं. भिजलेल्या जागेचा आकडा खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या आकड्याजवळ येऊन तिथे टिकला की मग निर्णय घ्यावा. पुष्कळदा निर्णयाची गरजच उरत नाही. लाकडाचं काम करणाऱ्या चांगल्या माणसाची खूण मला हीच वाटते, की तो ओल्या जमिनीवर यंत्र चढवायला नकार देतो. असा माणूस भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

मघाशी पुढे ढकललेला प्रश्न आता घेऊ. या जमिनीचं किती आयुष्य उरलं आहे?

हीटिंगची गरम हवा जिथून येते ती जमिनीतली जाळी उचला. बहुतेक घरांत ती नुसतीच ठेवलेली असते. आत डोकावा. फळीची कापलेली कड दिसेल: वर पॉलिशची रेघ, खाली लाकूड, आणि मध्यावर शेजारच्या फळीच्या खाचेत गेलेली जीभ. जिभेच्या वर जेवढं लाकूड आहे, तेवढंच खर्चायला आपलं. नव्या फळीत ते सहा-आठ मिलिमीटर असतं. यंत्राने घासून पूर्ण सँडिंग केलं की दर वेळी अर्धा ते एक मिलिमीटर जातो. पट्टी घेऊन मोजा. कुठे खिळ्यांची डोकी वर दिसायला लागली असतील, कुठे सांध्याची कड पापुद्र्यासारखी तुटत असेल, तर समजा, यंत्र लावण्याचे दिवस संपले. एंजिनिअर्ड फळी घेताना हाच आकडा विचारायचा. वरचा थर दोन मिलिमीटरचा असेल तर फार तर एकदा. चार-सहाचा असेल तर ती साध्या ओकच्या जवळ जाते. दुकानदार रंग दाखवत असताना हे विचारायचं राहून जातं.

आणि सँडिंगची वेळ येण्याआधीच पुष्कळ करता येतं. कवच झिजलं आहे पण लाकूड उघडं पडलेलं नाही, अशा वेळी नुसतं वरचं कवच हलकं खरवडून नवा एक हात द्यायचा. लाकूड जवळजवळ खर्च होत नाही, काम दिवसभरात उरकतं. पाण्याचा थेंब अजून टपोरा उभा राहतो आहे तोवरच हे करायला हवं. तो पसरायला लागल्यावर ती संधी गेलेली असते.

आता उठा. गुडघे दुखत असतील तर भिंतीला धरून उठा. घराच्या मागच्या खोलीतलं कपाट उघडा, कोट आणि बॅगा बाजूला सारा आणि दिवा लावून खाली बघा. तिथेही त्याच फळ्या आहेत. त्याच गिरणीतून, त्याच आठवड्यात आलेल्या. फक्त तिथे पाय कमी पडले आणि ऊन आलं नाही. दिवाणखान्यातली एखादी फळी कधी पार गेली, एखादी भिंत काढली आणि तिच्याखालची पट्टी भरायची झाली, तर नवी फळी आणून तिचा रंग जुळवत बसू नका. या कपाटातल्या चार फळ्या अलगद उकरून तिकडे बसवायला सांगा, आणि नव्या इथे, कोटांच्या खाली.